गुळवेलीलाही परीक्षा द्यावी लागेल

करोनाच्या पहिल्या वर्षी महाराष्ट्रात घरोघरी काढा उकळत होता. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा केंद्राच्या आयुष मंत्रालयानेच मार्च २०२०मध्ये सुचवला होता. ऑक्टोबरमध्ये सौम्य करोनासाठी आयुर्वेदाचा राष्ट्रीय उपचारक्रम जाहीर झाला, त्यात गुळवेलीची घनवटीही होती. कुंपणावर आपोआप वाढणारी ही वेल लोक तोडून आणू लागले आणि तिचे तुकडे उकळून रोज सकाळी अनशापोटी पिऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जणांनी गुळवेल घेतलेली होती.

२०२१मध्ये या डॉक्टरांनी आपली निरीक्षणं यकृतविज्ञानाच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि वादाला तोंड फुटलं. गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध जोडणं दिशाभूल करणारं आहे, असं मंत्रालयाने जाहीर केलं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती डॉक्टरांनी तपासलेली नाही, ती गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल असू शकते, हा मंत्रालयाचा मुद्दा होता. २०२२मध्ये देशातल्या १३ केंद्रांवरच्या ४३ रुग्णांची माहिती एकत्र करणारा आणखी एक अभ्यास आला. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या यकृतावर उलटते त्या आजाराकडे ज्यांचा कल आधीपासून असतो, त्यांच्यात गुळवेलीने तो उसळू शकतो, अशी शक्यता त्यातून पुढे आली. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेल्या वनस्पतीने तीच शक्ती अंगावर उलटवावी, ही शक्यता एकदा दिसली की तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

पण काणाडोळा झाला. हा आयुर्वेदावरचा हल्ला आहे, औषध कंपन्यांचा डाव आहे, शेकडो वर्षं लोक गुळवेल घेत आले आहेत, असं म्हणत विषय बाजूला सारला गेला. या प्रतिक्रियेमागे एक पक्का समज आहे: जे निसर्गातून आलं ते अपाय करत नाही. दुखणं असो, मधुमेह असो, पित्त असो की वजन, नैसर्गिक उपायाचे साइड इफेक्ट नसतात, हे वाक्य औषधाच्या डबीवर छापलेलं असतं आणि नातेवाइकांच्या तोंडीही असतं. हा समज चुकीचा आहे. त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं ते नैसर्गिक उपायांवर विसंबून राहणाऱ्यांचंच, आणि आयुर्वेदाचंही.

मंत्रालयाचा मुद्दा क्षणभर पूर्ण खरा धरू. चुकीची वेल पोटात गेल्यामुळे यकृत बिघडलं असेल, तर नैसर्गिक म्हणून निर्धोक हे म्हणणं त्याच क्षणी कोसळतं. क्रिस्पाही निसर्गातच वाढते. कोणती वेल कोणती हे ओळखायचं कोणी? कुंपणावरून तोडणाऱ्याने, बाजारात काड्यांची जुडी विकणाऱ्याने की कारखान्यात चूर्ण भरणाऱ्याने? ओळख, मात्रा, कोणी घ्यायचं आणि कोणी टाळायचं, हे प्रश्न वनस्पतीलाही लागू होतात, असाच त्या खुलाशाचा अर्थ निघतो.

आता याच गुळवेलीची दुसरी बाजू. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हूमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा, प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३मध्ये ब्रिटनच्या संधिवातविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रुग्णांचे चार गट केले होते. दोन गटांना आयुर्वेदाची औषधं दिली: एका औषधात सुंठ, गुळवेल आणि आवळ्याचे अर्क होते, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला शल्लकी होती. तिसऱ्या गटाला ग्लुकोसामिन आणि चौथ्याला सेलेकॉक्सिब ही प्रचलित वेदनाशामक गोळी दिली. कोण काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. २४ आठवड्यांनंतर दुखणं कमी करण्यात आयुर्वेदाची औषधं गोळीच्या बरोबरीची ठरली.

वनौषधींच्या कोणाही चाहत्याने अभिमानाने सांगावा असा हा निष्कर्ष आहे. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. आयुर्वेदाची औषधं घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं आढळलं. त्यांना काहीही त्रास होत नव्हता. त्यांचं औषध थांबवलं आणि ते प्रमाण पूर्ववत झालं. करोनाच्या कितीतरी आधी, गुळवेल असलेल्या औषधाने काही जणांच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो हे पुण्यातल्या संशोधकांनी पाहिलं होतं, लिहिलं होतं आणि त्यावर उपायही केला होता. रक्त तपासलं म्हणून ते दिसलं. घरी काढा पिणाऱ्याचं रक्त कोणी तपासत नाही, म्हणून त्याला दिसते ती थेट कावीळ.

उपयोग आणि अपाय एकाच गुणातून येतात. शरीरावर ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, मग ते झाडाच्या सालीतून आलेलं असो की कारखान्यातून. विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो असं एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. १८२८मध्ये म्युनिकमध्ये त्या सालीतून सॅलिसिन वेगळं काढण्यात आलं. त्या कुळातलं अॅसिटिलसॅलिसिलिक अॅसिड बायर कंपनीत १८९७मध्ये शुद्ध स्वरूपात तयार झालं आणि १८९९मध्ये अॅस्पिरिन या नावाने बाजारात आलं. ताप-दुखणं उतरवण्याचा गुण सालीपासून गोळीपर्यंत टिकला, तसा पोटाला झोंबण्याचा दोषही टिकला. झाड ते गोळी या वाटेवर नैसर्गिक कुठे संपलं आणि रासायनिक कुठे सुरू झालं, अशी रेघ मारता येत नाही.

आयुर्वेदाने स्वतः तर अशी रेघ कधी मारलीच नव्हती. युक्तीने वापरलेलं तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं वापरलेलं औषध विष होतं, असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच आहे. बिब्बा उतला की कातडी कशी सोलवटते हे खेड्यातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असतं. बचनागाचं शोधन केल्याशिवाय तो औषधात वापरू नये हे वैद्याला शिकवतात, कारण कच्चा बचनाग हृदयाची लय बिघडवून जीव घेतो. भारताच्या औषध नियमांतही आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक वेगळी अनुसूची आहे. बिब्बा, बचनाग, धोतरा, गुंज, कण्हेर, कुचला ही सगळी नावं तिच्यात आहेत, आणि ही द्रव्यं असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. साइड इफेक्ट नाही हे आश्वासन ना ग्रंथात आहे ना कायद्यात. ते जाहिरातीत जन्मलं.

परंपरेचा मुद्दा मात्र एवढ्याने संपत नाही, कारण तो खोलवर रुजलेला आहे. इतकी वर्षं लोक घेत आले, अपाय असता तर कळला नसता का? काही अपाय नक्की कळतात. बचनागाने माणूस त्याच दिवशी दगावतो, म्हणून परंपरा ते शिकली आणि तिने शोधनाची रीत काढली. जो अपाय दहा-वीस वर्षांनी उगवतो आणि शंभरातल्या दोघा-चौघांनाच होतो, तो कोणत्याही आजीच्या नजरेला पडू शकत नाही. मिश्रीचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. तंबाखू भाजून केलेली मिश्री महाराष्ट्रातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दातांना लावत आल्या, दात स्वच्छ होतात आणि हिरड्यांचं दुखणं थांबतं या विश्वासाने. ती नैसर्गिकही होती आणि परंपरागतही. तिचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या तेव्हाच कळला.

बेल्जियमची कथा याहून कठोर आहे. १९९०च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करणाऱ्या दवाखान्यात स्त्रियांना चिनी वनौषधींच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. एका वनस्पतीच्या जागी चुकून अॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरी वनस्पती आली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि पुढे त्यांतल्या अनेकींच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. १९९३मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हा प्रकार उघड केला. या कुळातल्या वनस्पती युरोप-आशियात शतकानुशतकं औषध म्हणून वापरल्या जात होत्या. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजेच सापसंद, त्याच कुळातली आहे. तितकी शतकं हा अपाय नजरेआड राहिला, कारण वीस वर्षांपूर्वीच्या काढ्याशी आजची बिघडलेली मूत्रपिंडं कोण जोडणार?

धातूंचंही तसंच. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून विकत घेतलेली आयुर्वेदाची ७० उत्पादनं संशोधकांनी तपासली, तेव्हा १४ उत्पादनांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००४चा. २००८मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली, त्यातही प्रमाण पाचात एक असंच निघालं. सगळ्या आयुर्वेदावर याचा ठपका ठेवता येत नाही. पाचातली चार उत्पादनं स्वच्छ होती. पण ग्राहकाच्या हातात येणारी डबी त्या चारांतली की पाचवी, हे त्याला कसं कळावं? शिसं जिभेला लागत नाही.

दुसरा नेहमीचा युक्तिवाद अनुभवाचा असतो: मला गुण आला. हा अनुभव खोटा नसतो, त्यातून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो. सर्दी आठवड्याभरात आपसूक जाते. कंबरेत भरलेली उसण बहुतेकदा काही आठवड्यांत सुटते. दुखणं टिपेला पोचतं तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि टिपेवरून ते एरवीही उतरणारच असतं. मधल्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. हा नियम गोळ्यांनाही तितकाच लागू आहे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या सुमारे १,६५० रुग्णांवर पॅरासिटामॉलची चाचणी झाली आणि २०१४मध्ये तिचा निकाल आला. गोळी घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले, औषध नसलेली बनावट गोळी घेणारे १६ दिवसांत. बनावट गोळीचा गट ठेवला नसता तर १७ दिवसांत बरा झालेला प्रत्येक माणूस पॅरासिटामॉलचे गुण गात फिरला असता. काढ्याला ही कसोटी लावा म्हणणं म्हणजे आयुर्वेदाशी दुजाभाव करणं नव्हे. पॅरासिटामॉल त्याच कसोटीवर नापास झालं आणि डॉक्टरांना ते मान्य करावं लागलं.

हळदीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती अभिमानाने आणि अर्धीच सांगितली जाते. जखमेवर हळद लावण्यासाठी अमेरिकेत १९९५मध्ये पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. तो विजय मोठाच होता. पण त्या लढाईत ठरलं ते एवढंच की हा वापर नवा नाही. हळद कोणत्या दुखण्यावर किती मात्रेत चालते, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. तो पुढच्या चाचण्यांनी सोडवला. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरला आणि पोटदुखीचा त्रास कमी झाला. तिचा निकाल २०१४मध्ये आला. मात्र त्या रुग्णांना दिवसाला १,५०० मिलिग्रॅम अर्क दिला होता. स्वयंपाकघरातल्या हळदीत कर्क्युमिन हे तिचं गुणकारी द्रव्य साधारण तीन टक्के असतं. म्हणजे चमचाभर, तीन ग्रॅम हळदीतून सुमारे ९० मिलिग्रॅम मिळतं, आणि त्यातलं फार थोडं रक्तात उतरतं. रात्रीचं हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, ते जरूर प्यावं. त्याने गुडघा बरा होईल असं त्या चाचणीच्या नावावर सांगणं म्हणजे संशोधनाचा हवाला देऊन संशोधनाविरुद्ध बोलणं आहे.

उलट दिशेचा धोकाही आहे. तेच कर्क्युमिन मिरीच्या अर्कासोबत, जास्त शोषलं जाईल अशा गोळीत भरलं की ते जेवणातली हळद राहत नाही. इटली आणि अमेरिकेत अशा हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. वरणातल्या चिमूटभर हळदीने कोणाचं यकृत बिघडत नाही. मात्रा बदलली की पदार्थाचं औषध होतं, आणि औषध म्हटलं की औषधाचे नियम आले.

रोजच्या ताटातही हा समज शिरला आहे. साखर बंद करून मधुमेही निर्धास्तपणे गूळ खातात. गूळ बहुतांशी सुक्रोजच असतो. १०० ग्रॅम गुळातून सुमारे ३८० किलोकॅलरी मिळतात, साखरेतून जवळपास ४००. रक्तातल्या साखरेला या फरकाचं सोयरसुतक नसतं. रक्तदाबासाठी सैंधव खाणाऱ्याच्या पोटात सोडियम क्लोराइडच जातं, आणि आयोडीनयुक्त मिठातून मिळणारं आयोडीन मात्र सुटतं. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणं सर्रास चालतं. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी साठवायला लावतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब वाढवतं. एखाद्या दिवशी एक काडी चघळल्याने बिघडत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने तिचा काढा महिनाभर रोज घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती त्याच्या डॉक्टरला माहीत असायला हवी.

दुधीच्या रसाने तर जीव गेले आहेत. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. २०१०मध्ये दिल्लीत असा रस प्यायलेल्या एका वैज्ञानिकाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. कडू चव हा निसर्गाने दिलेला इशारा आहे. औषध कडूच असायचं या समजुतीने लोक तो गिळतात. २०१८मध्ये पुण्यातही एका महिलेचा दुधीच्या रसानंतर मृत्यू झाला. समितीचा तो सल्ला घरोघरी पोचला असता तर असे मृत्यू टळू शकले असते.

नैसर्गिक उपायांच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे तो आधुनिक औषधांच्या दोषांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं खराब होतात. व्हायॉक्स ही सांधेदुखीची गोळी हृदयविकाराचा धोका वाढवते म्हणून २००४मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. निमेसुलाइड हे वेदनाशामक भारतात १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११मध्ये बंदी आली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पाकिटं घेऊन वर्षानुवर्षं खाणारी माणसं गावोगावी आहेत, आणि त्यांतल्या काहींवर मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसची वेळ येते. हा राग रास्त आहे. पण व्हायॉक्सचा धोका कळला तो रुग्णांवरच्या चाचण्यांतून. आधुनिक औषधांचे अपाय आपल्याला माहीत आहेत, कारण ते मोजले जातात. वनौषधींचे अपाय फारसे माहीत नाहीत, कारण ते फारसे मोजलेच जात नाहीत. मोजमाप नसणं हा निर्धोकपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

शिवाय गोळीला घाबरून चूर्णाकडे वळणारा माणूस पुष्कळदा नकळत गोळीच खात असतो. सांधेदुखीवर जादू करणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं डॉक्टरांना वारंवार आढळतं. २०२२मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आर्ट्री किंग नावाच्या, सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांबद्दल इशारा दिला. वेष्टनावर ज्याचा उल्लेख नव्हता ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड त्यांत सापडलं होतं. अशा औषधाने दोन दिवसांत गुडघा हलका होतो. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. एकाएकी बंद केलं तर जिवावर बेततं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. नैसर्गिक उपायाने दोन दिवसांत चमत्कार झाला तर आनंदाआधी संशय यायला हवा.

घेऊन पाहायला काय हरकत आहे, हा शेवटचा प्रश्न. हरकत वेळेची आहे. अमेरिकेत कर्करोगाच्या ज्या रुग्णांनी प्रचलित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, अशा २८१ जणांची इतर रुग्णांशी तुलना करणारा अभ्यास २०१८मध्ये आला. त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक. स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होणारा आजार आहे, म्हणूनच तिथे वाया गेलेले महिने सर्वांत महाग पडतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन काढ्याच्या भरवशावर बंद केलं तर महिने नव्हे, दिवसच हाताशी असतात.

गांधीजींइतका निसर्गोपचाराचा निष्ठावान पुरस्कर्ता या देशात दुसरा झाला नाही. माती, पाणी, उपास आणि साधं अन्न यांवर त्यांनी आयुष्यभर प्रयोग केले आणि १९४६मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. त्याच गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्सचा विकार झाला, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. वीज गेली, उरलेली शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पार पडली. मातीची पट्टी कुठे पुरते आणि कुठे पुरत नाही, हा निर्णय त्या दिवशी योग्य घेतला गेला म्हणून देशाला गांधीजी आणखी २४ वर्षं लाभले.

याचा अर्थ घरगुती उपाय टाकून द्यावेत असा होत नाही. त्यांतले कितीतरी तपासणीत उत्तम टिकले आहेत. मधाने मुलांचा खोकला हलका होतो. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०१८पासून साध्या खोकल्यासाठी प्रतिजैविकांआधी मधाचीच शिफारस केली आहे. फक्त वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, कारण त्यात बोट्युलिनम जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि त्या वयाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. इसबगोल बद्धकोष्ठावर चालतं आणि कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा उपयोग होतो. कंबरदुखीत तर गोळ्यांपेक्षा हालचालच वरचढ ठरली आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७च्या मार्गदर्शिकेत शेक, मालिश, व्यायाम आणि योग यांना औषधांच्या आधीचं स्थान दिलं. ब्रिटनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांच्या योगवर्गाने त्यांची हालचाल सुधारली. २०११मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळी लिहून देताना यांतलं काहीही न सांगणारे डॉक्टर आपल्या कामात कमी पडतात. रुग्ण काढ्याबद्दल बोलला की त्याला झिडकारणारे तर जास्तच, कारण पुढच्या वेळी तो सांगतच नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत तो काय घेतोय हे कोणालाच कळत नाही.

आणि तपासणी ही परक्यांनी लादलेली गोष्टही नाही. लोणावळ्याला १९२४मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या, शरीरातला दाब मोजला आणि निष्कर्ष योगमीमांसा या नियतकालिकात छापले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम पद्धतशीर तपासला आणि १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. तिथून सर्पगंधा जगभर पोचली; १९५२मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं. पुढे काही रुग्णांना त्याने खिन्नता येते हे दिसलं आणि त्याचा वापर जपून होऊ लागला. त्याच केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. १९९०च्या दशकात तिथे पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली गेली आणि तिचा फायदा दिसला. गुळवेलीवर या माणसांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी तिची परीक्षा घेतली.

ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळण्यासाठी आज ग्रंथातला आधार पुरतो, रुग्णांवरची नवी चाचणी मागितली जात नाही. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, संधिवात अशा आजारांवर खात्रीशीर इलाजाची जाहिरात करायला १९५४चा कायदा मनाई करतो, तरी त्या जाहिराती रोज दिसतात. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या प्रमुखांना अशाच जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागायला लावली. त्याच वर्षी जुलैमध्ये, जाहिरातीआधी परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायला लावणारा २०१८चा नियम वगळण्याची अधिसूचना केंद्राने काढली. दिशा नेमकी उलटी हवी. जाहिरातीआधी मंजुरी, धातू आणि भेसळीसाठी प्रत्येक बॅचची तपासणी, वेष्टनावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कोणी घेऊ नये याची यादी, आणि दुष्परिणामांची सक्तीची नोंद, इतकं झालं तर चांगले वैद्य आणि प्रामाणिक उत्पादक यांचाच फायदा होईल. आज त्यांच्या नावावर भेसळखोर जगत आहेत.

कायदा बदलेपर्यंत वाचकाने काही गोष्टी स्वतः कराव्यात. जे काही चूर्ण, काढा किंवा गोळी नियमित घेत असाल तिचं नाव डॉक्टरला सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. बिननावाची पुडी घेऊ नका. यकृत, मूत्रपिंड, मधुमेह किंवा रक्तदाबाचा आजार असेल, किंवा घरात गरोदर बाई अथवा तान्हं बाळ असेल, तर वैद्याला न विचारता काढा सुरू करू नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी थांबवा, यकृताची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरकडे जाताना काढ्याची बाटली सोबत न्या.